आतून रंगवलेली गाडी

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी गाडी घेऊन तळ्यावर गेलो. घरापासून चालत दहा मिनिटांची वाट, पण आजच्या दिवशी गाडीनेच जायचं असं मनात धरलं होतं. जयंतीच्या गर्दीत ती तिथपर्यंत जाणार नव्हतीच. अलीकडे उभी केली आणि हार हातात घेऊन चालत गेलो. निशा म्हणाली, "घरापासून चाललो असतो तरी एवढंच चालणं झालं असतं." तिला गाडीचं कौतुक नाही.

तीस वर्षं मी महाड-पोलादपूर एसटीने केलं. पोलादपूरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवलं. डिसेंबरअखेर निवृत्त झालो आणि ही जुनी गाडी घेतली. बाहेरून पांढरी शुभ्र, एक ओरखडा नाही. आतून मात्र बघवत नाही. आधीचा मालक पोल्ट्रीवाला. कोंबड्यांच्या खाद्याची पोती आणि अंड्यांचे ट्रे वाहून दारांच्या आतल्या प्लास्टिकवर चरे पडलेत. डॅशबोर्ड उन्हाने पांढुरका झालाय.

प्रियदर्शिनीचं, आमच्या एकुलत्या एका मुलीचं, दासगावच्या धम्मपालशी ठरलंय. ती पुण्यात लॅबमध्ये कामाला, तो इथल्या एमआयडीसीत. तारीख तेवढी ठरायची आहे. दासगावची माणसं आता या गाडीत बसतील. आतून नीट करून घ्यायला हवी.

१८ एप्रिल, शुक्रवार

पोलादपूरला मुजम्मिलकडे जाऊन आलो. माझाच विद्यार्थी. सात वर्षं आखातात एका गॅरेजमध्ये गाड्यांच्या आतलं काम करायचा: सीट, दारं, डॅशबोर्ड. गेल्या वर्षी परतला आणि हायवेला लागून दुकान टाकलं. मला पाहून उठला, स्टूल पुसून दिलं, पंखा माझ्याकडे वळवला.

गाडीत डोकं घालून त्याने डॅशबोर्डवर बोट फिरवलं आणि बोटांचा वास घेतला. म्हणाला, "सर, चमक यायला याच्यावर तेलाचं पॉलिश मारलेलं हाय. वर्षानुवर्षं. आधी ते सगळं धुवून काढायला लागेल. मग बारीक पेपरनी घासायचं, मग प्लास्टिकचा प्रायमर, मग गननी रंग, पातळ पातळ हात. बंद गाडी उन्हात किती तापते माहिती ना तुमाला? घाईचं काम नाय."

मी म्हटलं, "रंग लावण्यात एवढं काय रे? मीही जन्मभर रंगच लावले."

तो हसला. "सर, तुमचा रंग कागद पितो. प्लास्टिक काय पीत नाय."

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, तीही हसली. वाक्य चांगलं होतं, हे आता लिहिताना कबूल करतो. तेव्हा मात्र कानशिलं तापली. मी खर्च विचारला. म्हणाला, "तुमच्याकडनं मजुरी घेतली तर अब्बा मला घरात घेणार नाय. सामानाचं तेवढं द्या. आठ दिवस गाडी सोडा."

त्याचे वडील इस्माईल आतल्या बाजूला बसले होते. त्यांनी मान हलवली. मला कुणाचं फुकटचं नको होतं. बघतो म्हटलं आणि निघालो.

निशाला सांगितलं, फार महाग सांगतोय.

२० एप्रिल, रविवार

रंग आणला. तपकिरी, पांढरा, थोडा काळा. ऑइल पेंट. तिन्ही मिळवून कॉफीची अशी छटा जमली की बाजारात तयार मिळणार नाही. एक इंची चपटा ब्रश नवा घेतला.

मोबाइलवर एका पोराचा व्हिडिओ पाहिला. धुवा, पुसा, घासा, पुन्हा पुसा, प्रायमर लावा, थांबा. अर्धा वेळ नुसती तयारीच. मी पुढे ढकलत ढकलत रंगाच्या भागावर आलो. धुणंपुसणं काय, कुणालाही कळतं.

२३ एप्रिल, बुधवार

काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. ओल्या फडक्याने सगळं पुसून घेतलं. तेवढ्यात प्रियाचा व्हिडिओ कॉल आला. तिला डबे दाखवले, ब्रश दाखवला. म्हणाली, "पप्पा, मुजम्मिलदादाकडे का नाही दिली? तो हेच करतो ना?"

"तुझ्या बापाच्या हाताला काय झालंय?"

ती हसली. "काही नाही झालं. मास्क लावा पण."

२७ एप्रिल, रविवार

पहिला हात नीट बसला नाही. अळूच्या पानावर पाणी गोळा होतं तसा रंग ठिकठिकाणी गोळा झाला, मध्ये जुनं प्लास्टिक उघडं. दुसरा हात जाड दिला, तेव्हा झाकलं गेलं. दारांची चार पॅनेल, डॅशबोर्ड, मधला गिअरचा भाग. पाठ मोडून गेली, पण खूप दिवसांनी असं हाताने काम केलं. शाळेत शेवटची दहा वर्षं मी मुलांच्या वह्यांवर नुसत्या सह्याच करत होतो.

१ मे, गुरुवार

झालं. शेजारचे गणूभाऊ बघायला आले. दार उघडून म्हणाले, "वा सर! कोणाकडून केलंत?" मी सांगितलं, मीच. त्यांनी पुन्हा एकदा वा म्हटलं. पहिल्याइतकं मोठ्याने नाही, पण म्हटलं.

निशाने एक बोट टेकवून पाहिलं. "वाळलंय का?"

"वाळेल."

ती तिच्या बहिणीकडे बिरवाडीला जायला निघाली होती. सोडतो म्हटलं, तर वासाने मळमळतं म्हणाली. एसटीने गेली.

८ मे, गुरुवार

वाळत नाहीये. सकाळी हाताला कोरडं लागतं. दुपारी गाडी तापली की बोट चिकटतं आणि ठसा राहतो. उन्हात गाडी उघडी ठेवून पाहिली. सावलीत ठेवून पाहिली. आज टाल्कम पावडर लावून वरून पुसली, तेव्हा गुळगुळीत झालं. संध्याकाळी निशा पावडरचा डबा शोधत होती. मी पेपर वाचत बसलो.

ड्रॉइंगचा मास्तर मी. वर्गातला एखादा मुलगा पहिला रंग वाळायच्या आत दुसरा लावायचा, तेव्हा मी किती ओरडायचो.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा

आज लिहवत नाही.

१३ मे, मंगळवार

लिहायलाच हवं. नाहीतर ही वही कशाला ठेवतो?

काल विहारात वंदनेला दासगावहून धम्मपालची आई बनुबाई आल्या होत्या. पांढरी साडी. ही साडी वर्षातून दोनदाच नेसते, असं त्या निशाला सांगत होत्या. कार्यक्रम संपला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. त्या एसटी स्टँडकडे निघाल्या. मी आग्रह केला, आपली गाडी असताना बसने कशाला? त्या नको नको म्हणत होत्या. निशाही हळूच म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना बसने, उन्हात उभी आहे गाडी." मी ऐकलं नाही. त्यांना मानाने पुढे बसवलं. निशा मागे बसली.

दासगाव येईपर्यंत त्या दाराच्या पट्टीवर हात टेकून गप्पा मारत होत्या. घरासमोर गाडी थांबवली. त्या उतरायला गेल्या आणि पदर आलाच नाही. दाराला चिकटला होता. ओढला तेव्हा चर्र असा बारीक आवाज झाला. खांद्यापासून कोपरापर्यंत कॉफीचा पट्टा. पोलक्याची बाही, हात, सगळं माखलेलं.

"अगो बाय, ह्ये काय झालं!" त्या म्हणाल्या. लगेच मला पाहून म्हणाल्या, "असूं दे असूं दे, धुतल्यावर जाईल."

ऑइल पेंट धुऊन जात नाही. मला माहीत आहे, मी ते शिकवलं आहे.

अंगणात धम्मपालचे काका हैबती उभे होते. घरातले मोठे तेच. शाळेची मुलं नेणाऱ्या तीन व्हॅन आहेत त्यांच्या. ते पुढे आले, दारावरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. "कुनाकडनं केलंत सर ह्ये?"

"मीच केलं" हे दोन शब्द. तोंडात होते. शपथेवर लिहितो, तोंडात होते.

मी म्हटलं, "पोलादपूरचा तो मुजम्मिल. माझाच विद्यार्थी. काय करणार, विश्वासाने दिली."

हैबती म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. शाळा सुरू व्हायच्या आधी तिन्ही व्हॅन त्याच्याकडं देणार होतो मी आतनं करायला."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी मान हलवली. निशा माझ्या मागेच उभी होती. बनुबाईंना आत नेऊन ती त्यांचा हात घासलेटने पुसत बसली. परतताना मी म्हटलं, पुढे बस. म्हणाली, "नको, मळमळतं." रंगाच्या वासाचा तिला फारच त्रास होतो.

१५ मे, गुरुवार

प्रियाचा फोन. आधी तब्येत, मग ऊन. मग म्हणाली, "पप्पा, धम्मपाल म्हणत होता, गाडी मुजम्मिलदादाने बिघडवली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही मला डबे दाखवले होते."

"अगं, तिथे सगळे उभे होते. बोलता बोलता निघून गेलं. नंतर सांगतो त्यांना."

"कधी?"

"सांगतो ना."

"मी काय सांगू धम्मपालला? त्याने मला विचारलं, तुला माहीत होतं का त्याच्याकडे दिली ते. मी हो म्हटलं." मग फोनवर नुसता तिच्या लॅबमधल्या मशीनचा आवाज. "मी हो म्हटलं, पप्पा."

"आईला द्या फोन" म्हणाली. दोघी मागच्या पडवीत बराच वेळ बोलत होत्या.

१९ मे, सोमवार

विचार केला तर माझं एवढंही चुकलं नाही. मुजम्मिलला कामांची काय कमी? हायवेवरचं दुकान. तीन व्हॅन गेल्या तर चार दुसऱ्या येतील. आणि त्याने तरी चारचौघांत माझी टिंगल करायची काय गरज होती?

हे लिहून पुन्हा वाचलं. खोडायला गेलो होतो. राहू दे.

२२ मे, गुरुवार

पेन्शनच्या कागदांसाठी पोलादपूरला शाळेत जावं लागलं. गाडी शाळेच्या मागे लावली, हायवेवरून दिसू नये म्हणून. परतताना चालत बाजारातून येत होतो, तर दुकानातून हाक आली, "ओ सर! हाटे सर!"

मुजम्मिल नव्हता, इस्माईलभाई एकटे होते. ओढूनच आत नेलं. सोडा मागवला. दुकानाच्या मागच्या भिंतीला रंगाचे डबे, प्रायमरचे डबे, कापडाचे गठ्ठे एकावर एक रचलेले. सगळं सील न फोडलेलं.

"बघा ना सर, मुंबैसनं सगळा माल घेऊन आला पोरगा. दासगावच्या हैबतींच्या तीन गाड्या होत्या. त्या झाल्या असत्या तर म्हसळ्याकडच्या बसवाल्यानं पन शब्द दिला होता, ह्या बघून पुढची देतो म्हनून. आता दोन्ही गेलं."

"का?" मी विचारलं. खरंच विचारलं मी हे.

"कोनी तरी कान भरलान. पोरगा सांगत नाय कोनी ते. जेवत नाय नीट. परत जातो म्हनतो, दुबईला." ते खुर्ची माझ्याजवळ सरकवून बसले. "सर, एक बोलू? तुमी त्यांचे व्याही होनार. तुमी एक शब्द टाका ना. तुमचा शब्द ते मोडनार नाय. तुमी शिकवलेला पोरगा हाय, त्याचा हात कसा हाय तुमाला ठाव हाय."

सोड्याची बाटली माझ्या हातात होती. ती अर्धी तशीच खाली ठेवली.

मी म्हटलं, "बघतो."

ते रस्त्यापर्यंत सोडायला आले. माझा हात दोन्ही हातांत धरला.

२३ मे, शुक्रवार

तीस वर्षं मुलांना उभं करून विचारलं, कोणी केलं हे, कोणी सांडली शाई? कुणी बोललं नाही की सगळ्या वर्गाला उभं ठेवायचो. खरं बोलायला काय लागतं रे, असं म्हणायचो. काय लागतं हे मला माहीतच नव्हतं.

२४ मे, शनिवार

हैबतींना फोन लावला. एक रिंग झाली आणि कापला. त्यांचाच उलटा आला. "सर, काय काम होतं?" चुकून लागला म्हटलं. त्यांनी तारखेचं काढलं. एक जूनला या, बसून ठरवू म्हणाले.

२६ मे, सोमवार

मुजम्मिलकडे गेलो. गाडी या वेळी दुकानासमोरच उभी केली.

तो एका रिक्षाची सीट शिवत होता. वर पाहिलं, पण उठला नाही. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. वाक्य घरून जुळवून नेलं होतं, ते मध्येच तुटलं. तो म्हणाला, "ठाव हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"हैबतींनी फोनवरच सांगितलान. हाटे सरांची गाडी बिघडवलीस, त्यांच्या इहीणबाईची साडी नासवलीस. मी म्हनलो, मी सरांच्या गाडीला हात पन लावलेला नाय. तर म्हनाले, म्हंजे काय सर खोटं बोलले?" त्याने सुई गादीत टोचून ठेवली. "यावर मी काय बोलनार होतो, सर? तुमीच सांगा. बोललो असतो तरी कोनाचं खरं धरलं असतान?"

मी म्हटलं, "तुझ्या वडिलांना माहीत नाही?"

"नाय सांगितलं. ते तुमाला मानतात. त्यांना वाटतं मी दोन अक्षरं शिकलो ती तुमच्यामुळं."

मी माफी मागितली. शब्द एवढा लहान आहे की उच्चारल्यावर त्याच्या मागे काहीच उरलं नाही. त्याने सुई उपसून घेतली आणि एक टाका घातला. मग त्याचा आवाज चढला. "मी तुमाला मजुरी नको म्हनलो होतो. का असं केलंत? मला ते एकच कळत नाय. माझा काय राग होता तुमाला?"

राग नव्हता म्हटलं. तो हसला होता म्हणून, हे सांगायची लाज वाटली. एवढंसंच होतं ते.

"माझ्याकडं येऊन काय उपयोग?" तो म्हणाला. "ज्यांना सांगितलंत त्यांना जाऊन सांगा."

१ जून, रविवार

तारीख ठरवायला दासगावला गेलो. प्रिया पुण्याहून आली होती, ती मागे बसली. आज निशा आपणहून पुढे बसली. वास गेला असावा.

माजघरात सतरंजी घातलेली. हैबती, बनुबाई, धम्मपाल, त्याची बहीण दीक्षा. जय भीम झाला, पोहे झाले, चहा झाला. हैबतींनी कॅलेंडर काढलं आणि डोळ्यांवर चष्मा चढवला. तेव्हा मी म्हटलं, "त्याआधी मला एक सांगायचंय."

सांगितलं. गाडी मीच रंगवली. मुजम्मिलने हातही लावला नव्हता. साडी माझ्यामुळे गेली आणि मी त्याचं नाव घेतलं. पाच वाक्यं असतील. बोलताना मी कॅलेंडरकडे बघत होतो.

हैबतींनी चष्मा काढला. "सर, मी त्या पोराला फोनवर काय काय बोललो, तुमाला कल्पना नाय. तुमचं नाव घेऊन बोललो. शिकलेला मानूस, त्यातून मास्तर, म्हनून एका शब्दानं पुन्हा विचारलं नाय." ते उठून दारापर्यंत गेले, परत आले. "आता गाड्या महाडात दिल्यात मी. दोन झाल्या, तिसरी खोललेली हाय. परत काढून आनता येत नाय. हे तुमी पंधरा दिवसांआधी सांगायचं होतं."

"हो," मी म्हटलं.

बनुबाई म्हणाल्या, "साडीचं तर मी बोलले पन नव्हते, भाऊ. तुमी केलंत म्हनला असतात तर मी काय तुमाला खाल्लं असतं? हसलो असतो दोन घटका." मग हळू आवाजात, "मला एवढं भ्यालात?"

सगळ्यात वाईट ते पुढेच होतं. धम्मपालने प्रियाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "तिचा दोष नाही. माझ्यासाठी ती गप्प राहिली."

"मी तिला विचारतोय, पप्पा," तो म्हणाला. आवाज शांत होता. प्रियाने हो म्हटलं. तो उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने ती गेली. खिडकीतून दोघं नदीकडे जाणाऱ्या वाटेवर उभी दिसत होती, मध्ये चांगलं हातभर अंतर ठेवून. माझं खोटं माझ्या पोरीच्या तोंडातून गेलं होतं, हे मला तिथे बसून कळलं.

तारीख ठरली नाही. हैबती म्हणाले, नंतर बघू.

घर आल्यावर निशा उतरताना म्हणाली, "पोहे चांगले होते त्यांचे." आणि माझ्या हातातली किल्ली घेऊन कुलूप उघडायला पुढे गेली.

३ जून, मंगळवार

प्रिया पुण्याला गेली. स्टँडवर सोडलं. खिडकीतून म्हणाली, "तो बोलतोय माझ्याशी. वेळ लागेल." मी काही म्हणणार तेवढ्यात, "तुम्ही फोन करू नका त्याला, पप्पा. प्लीज."

नाही करणार.

९ जून, सोमवार

गाडी घेऊन मुजम्मिलकडे गेलो. म्हटलं, आता तूच कर. आठ नाही, पंधरा दिवस ठेव. पूर्ण मजुरी घे. तुझं काम लोकांना दिसेल.

इस्माईलभाई दुकानात होते. ते उठले नाहीत. मला पाहिलं आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. म्हणजे त्यांना कळलंय. हैबती स्वतः येऊन माफी मागून गेले, असं मुजम्मिलने सांगितलं.

त्याने गाडीचं दार उघडलं, वाकून पाहिलं, नखाने एक पापुद्रा सोलला. तो कातडीसारखा निघून आला. कारागीर बघतो तसं त्याने ते प्लास्टिक नीट बघितलं. एक क्षण वाटलं, घेतोय.

मग दार लावलं. "तुमची गाडी मी करनार नाय, सर."

"का?"

"आता मी केली तर लोक काय म्हनतील? ह्यानंच बिघडवलीन, आता गुपचूप नीट करून देतोय. तुमी दासगावात सांगितलंत ते ठीक. पन ही गोष्ट दासगावच्या पुढं गेलेली हाय. म्हसळ्यापर्यंत गेली. तिथं कोन सांगायला जानार?" तो रागावलेला नव्हता. तेच जड गेलं. "महाडात चांगलं करनारे हायत. त्यांच्याकडनं करून घ्या. माझं काय म्हननं नाय."

मी म्हटलं, "म्हसळ्याच्या त्या बसवाल्याचा नंबर दे."

मग त्याने रिक्षावाल्याच्या बिलाच्या मागे नंबर लिहून दिला. अक्षर अजून तसंच, डावीकडे कललेलं.

१० जून, मंगळवार

म्हसळ्याला फोन केला. माझं नाव, शाळा सांगून खरं काय ते सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "ठीक आहे, पण आमच्या बसचं काम झालंय. तुम्ही कोण म्हणालात?" मी पुन्हा सांगितलं. त्याने, बरं, म्हणून फोन ठेवला.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू झाल्या. दूध आणायला गेलो तर हैबतींची व्हॅन समोरून गेली, आतून नवी कोरी. काम चांगलं केलंय, दुसऱ्या कुणीतरी.

महाडात एकाला गाडी दाखवली होती. तो म्हणाला, सगळं खरवडून नव्याने करावं लागेल, शनिवारी सोडा. शनिवारी गेलो नाही. सध्या राहू दे. पावसात गाडी थंड असते, रंग चिकटत नाही, फक्त दिसतो. जिथे हात टेकतात तिथे निशाने सुती कापडाच्या पट्ट्या शिवून दिल्या आहेत.

६ जुलै, रविवार

दासगावहून निरोप आला, डिसेंबरमधली तारीख धरा. बनुबाईंनी स्वतः फोन केला होता, निशाला. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण "सरांना जय भीम सांगा" म्हणाल्या. प्रियाने एका ओळीचा मेसेज पाठवला आणि खाली एक फूल. ते फूल मी दोनतीनदा उघडून पाहिलं.

नवी साडी नेऊन द्यावी असं निशाला म्हटलं. ती म्हणाली, "मी मागच्या महिन्यातच दिली."

१३ जुलै, रविवार

पोलादपूरहून परतत होतो. कशेडीकडे दरड आल्यामुळे गाड्यांची रांग लागली होती. भर पावसात एक माणूस हात करत होता, त्याला घेतलं. खेडचा, टेम्पो चालवतो. परतताना टेम्पो रांगेत अडकला, म्हणून तोवर महाडहून राहिलेलं सामान आणायला निघाला होता. बसल्या बसल्या त्याने दाराकडे पाहिलं, डॅशबोर्डकडे पाहिलं. रंग आता जागोजागी उडालाय, खालचं पांढुरकं दिसतं.

"कोनाकडनं केलंत ह्ये काका? रागावू नका. माझ्या टेम्पोची केबिन करायची हाय, म्हनून इचारतो. त्याच्याकडं जायला नको."

"मी केलं," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी गंमत करतोय.

"मीच केलं. स्वतः, ब्रशने. तुम्ही पोलादपूरला मुजम्मिलकडे जा. हायवेलाच दुकान आहे. त्याच्याकडे दिली असती तर असं झालं नसतं. मी नाही दिली, आणि वर सांगितलं की त्यानेच बिघडवली. ते पार म्हसळ्यापर्यंत गेलं."

हे शेवटचं सांगायची गरज नव्हती. तो अनोळखी माणूस, त्याला काय त्याचं? पण सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत बसला. महाडला उतरताना त्याने माझा नंबर घेतला. का, ते सांगितलं नाही.

२७ जुलै, रविवार

त्या टेम्पोवाल्याचा फोन आला. केबिन झाली, एक नंबर झाली म्हणाला. फोटोही पाठवला. खरोखर सुंदर काम आहे. राखाडी रंग, कुठे एक रेघ नाही, कडा तर अशा की ते प्लास्टिक असं घडवूनच आलंय असं वाटावं. असा हात माझा कधीच नव्हता. तो पोरगा आठवीत माझ्यासमोर बसायचा तेव्हा मी त्याच्या वहीत काय पाहत होतो, कोण जाणे.

मी विचारलं, "मुजम्मिल काही म्हणाला?"

"विचारलान, कोनी पाठवला म्हनून. मी म्हनलो, नाव नाय ठाव, एक म्हातारे मास्तर हायत, स्वतःची गाडी स्वतःच नासवलेले. तर हसला."

कसा हसला, हे विचारायचा मला धीर झाला नाही.